माफीतला 'तर' कुठून येतो?

कृष्णाकाठ
बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

सांगलीत राहणाऱ्याला भाद्रपदात काय होतं ते सांगायला नको. जैनांचं दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीला, म्हणजे क्षमा मागायच्या दिवशी, सकाळपासून मोबाईल टुणटुणायला लागतो, "उत्तम क्षमा". गुजराती-मारवाडी मित्रांचं "मिच्छामि दुक्कडम्" त्याच्या आधीच येऊन गेलेलं असतं. जोडलेले हात, कमळ, आणि खाली "वर्षभरात कळत नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा असावी". यंदा मला असे त्रेचाळीस आले. एरवी मोजत नाही, यावेळी मोजले कारण त्यातल्या एकावर मी अडकून बसलो.

तो मेसेज आमच्या दुकानात पूर्वी कामाला असलेल्या एका मुलाचा होता. भांड्यांचं दुकान आहे आमचं, वडिलांच्या वेळचं. सहा वर्षांपूर्वी गल्ल्यात साडेचार हजार कमी आले आणि मी त्या पोराला दुकानात सगळ्यांदेखत धरलं. चोर हा शब्द वापरला नाही, पण "खिसे दाखव" म्हणालो. त्याने दाखवले. खिशात बसचं तिकीट आणि अकरा रुपये. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. पंधरा दिवसांनी पैसे सापडले, वडिलांनी घाईत पंचांगाच्या पानात घालून ठेवले होते आणि विसरले होते. वडील म्हणाले, जाऊ दे आता, कशाला उकरतोस. मीपण जाऊ दिलं.

आणि आता त्याचा मेसेज, मन दुखावलं असेल तर क्षमा असावी. त्याने. मला. फॉरवर्डच आहे, त्याच्या फोनमधल्या सगळ्यांना गेला असणार हे कळतंय, तरी दोन दिवस झाले जेवण गोड लागेना.

तर प्रश्न असा की माफी मागायच्या इतक्या रीती आपल्याकडे आहेत, पूजेत आहेत, व्रतात आहेत, पुढारी तर आठवड्याला एकदा मागतात, मग समोरच्या माणसाकडे जाऊन "हे मी केलं, चुकलं" एवढं म्हणायची रीत आहे का कुठे? का ती नाहीच, म्हणून हा 'असेल तर' चिकटवून आपण मोकळे होतो?

चहाटळ
पहिल्याच वाक्यात 'लांबला तर सांभाळून घ्या'. रोगी हाच आणि डॉक्टरही हाच.

बाकी इथे प्रत्येक जण प्रतिसादाखाली चूभूद्याघ्या लिहितो त्याचं काय? वाण्याच्या बिलावरून आलेला शब्द, चूकभूल द्यावी घ्यावी. म्हणजे चूक सापडली तर हिशोब दुरुस्त करू, शोधायचं काम तुमचं. चूभूद्याघ्या.

ताकभात
घरातला विषय आहे म्हणून लिहितो. मी जैन, पण देरासरात वर्षातून चार वेळा जाणारा, तेव्हा जाणकारांनी दुरुस्त करावं.

मिच्छामि दुक्कडम् हे प्राकृत आहे, अर्थ साधारण 'माझं दुष्कृत मिथ्या होवो'. मुळात त्यात 'तर' नाहीच! दुष्कृत झालेलं आहे हे धरूनच वाक्य सुरू होतं. 'कळत नकळत असेल तर' हे मागाहून ग्रीटिंग कार्डवाल्यांनी जोडलेलं शेपूट. संवत्सरीचं, म्हणजे पर्युषणाच्या शेवटच्या दिवसाचं, प्रतिक्रमण हे खरं काम, काही तास चालतं, एकेका व्रतात काय काय दोष लागू शकतात त्याची यादी म्हटली जाते, आणि आजी सांगायची की ज्याच्याशी वाकडं आहे त्याला आधी खमवून (क्षमा मागून) ये, मग आसनावर बस. याला खमतखामणा म्हणतात. आता काय होतं, तर ज्याच्याशी वाकडं आहे तो सोडून बाकी सगळ्यांना मेसेज जातो.

अजून एक गोष्ट, कृष्णाकाठ यांना बोचेल कदाचित. आमच्याकडे रागालोभाचे म्हणजे कषायांचे टप्पे केलेत. पंधरा दिवसांत विरणारा, चार महिन्यांत विरणारा, वर्षभर राहणारा, आणि जन्मभर न जाणारा. पाण्यावरची रेघ, वाळूतली रेघ, जमिनीची भेग आणि डोंगराची भेग. पाक्षिक, चौमासी आणि सांवत्सरिक प्रतिक्रमणं त्याच हिशोबाने आहेत. वर्षाच्या आत मिटवलं नाही तर ते चौथ्या खात्यात जातं, अनंतानुबंधी. तुमचं सहा वर्षं जुनं आहे.

कृष्णाकाठ
बोचलं. धन्यवाद.

फुलपात्र
ताकभात, मस्त प्रतिसाद. मी याच तिथीचं दुसरं टोक सांगते. दिगंबरांचं दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीला सुरू होतं ना? त्याच दिवशी आमच्या घरात ऋषिपंचमी. आईने चाळीसेक वर्षं केली. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, परसातलं माठ-भोपळा-मका घालून ऋषीची भाजी, मला ती भाजी आवडते हे आधीच सांगून टाकते. पण व्रत कशासाठी, तर पाळीच्या दिवसांत कळत नकळत शिवाशिव झाली असेल त्या पापासाठी. कहाणीत ती बाई पुढच्या जन्मी मुलाच्याच घरी कुत्री होते आणि तिचा नवरा बैल.

म्हणजे बघा, जे पाप नाहीच त्याची माफी मागायला पिढ्यान्‌पिढ्या बायका पहाटे उठून आघाड्याच्या काड्यांनी दात घासत बसल्या, आणि ज्या घरात सुनेला चार दिवस कोपऱ्यात बसवलं त्या घराने सुनेची माफी मागायचं व्रत कुठल्याही पुस्तकात नाही.

तशी माफी मागण्यात आपण कमी नाही हो. सकाळी जमिनीला पाय लावायच्या आधी 'पादस्पर्शं क्षमस्व मे'. पूजा संपताना 'आवाहनं न जानामि', मला बोलवता येत नाही, पाठवता येत नाही, पूजाही येत नाही, क्षमा कर. पुस्तकाला पाय लागला तर हात आपोआप छातीशी जातो, विचारसुद्धा करावा लागत नाही. मग धाकट्या जावेला "मी त्या दिवशी नको ते बोलले" एवढं म्हणायला मला अकरा महिने का लागले? (लागले. मग म्हटलं. तिने चहा टाकला, विषय बदलला.)

होय_म्हाराजा
'तर' आमच्याकडसून इलो! गाऱ्हाणा ऐकलास ना कधी? "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांकडसून काय चुकला-माकला आसात तर पदरात घे रे म्हाराजा..." आणि सगळे ओरडतत, "होय म्हाराजा!"

(आता प्रमाण भाषेत, नायतर संपादक येतील.) गंमत अशी की गाऱ्हाण्यातला 'तर' मला खोटा वाटत नाही. देवापुढे उभा असलेला माणूस म्हणतोय की मला माझं सगळं कळत नाही, तुला कळतं. तिथे 'तर' म्हणजे अज्ञान कबूल करणं. तोच 'तर' माणसापुढे आला की उलटा फिरतो, दुखावलं की नाही ते तू सिद्ध कर, मला काही माहीत नाही. शब्द तोच, फक्त समोर कोण उभं आहे ते बदललं.

आणि मालवणचं म्हणाल तर आमच्या राजकोटावरचा शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिनाला पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण, २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, नऊ महिनेपण पुरे नाहीत. मग माफ्यांचा पाऊस. पंतप्रधानांनी ३० ऑगस्टला पालघरच्या सभेत मस्तक झुकवून माफी मागितली, मुख्यमंत्र्यांनी, उपमुख्यमंत्र्यांनी मागितली. नीट आठवा, पहिली माफी कुणाची? महाराजांची. आराध्य दैवत म्हणून. चूक कुणाची काय झाली, कुणी काय बघायला हवं होतं, ते त्या माफीत नव्हतं, आणि त्याच भाषणात सावरकरांवरून विरोधकांना टोलाही होता. विरोधकांनी १ सप्टेंबरला हुतात्मा चौकातून जोडे मारो मोर्चा काढला. महाराज राहिले बाजूला.

चहाटळ
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कडू_कारलं
होय_म्हाराजा यांनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंय. पुढाऱ्याला माफी मागायची वेळ आली की तो आधी अशी जागा शोधतो जिथून उत्तर येणार नाही. देव, महाराज, समाधी. एप्रिल २०१३ आठवा. दुष्काळ, सोलापूरकडचा एक शेतकरी आझाद मैदानात उपोषणाला बसलेला, आणि इंदापूर तालुक्यात अजित पवारांचं ते धरणातल्या पाण्याचं वाक्य. गदारोळ झाला, त्यांनी माफी मागितली, विधिमंडळातही मागितली, आयुष्यातली मोठी चूक असंही म्हणाले, ते 'तर'वालं नव्हतं हे मान्य करायला पाहिजे. मग १४ एप्रिलला कराडला प्रीतिसंगमावर यशवंतरावांच्या समाधीपाशी दिवसभर आत्मक्लेश उपोषण. शब्द बघा किती भारी, आत्मक्लेश! पण उपोषणाला बसलेला माणूस आझाद मैदानात आणि क्लेश कराडात.

त्यामानाने राजू शेट्टींची २०१७ ची आत्मक्लेश यात्रा मला जरा बरी वाटली होती. पुण्याहून मुंबईपर्यंत चालत, आणि कारण सांगितलेलं, तुम्हाला मी मोदींना मतं द्या म्हणालो ते चुकलं. पटो न पटो, चूक कुठली आणि माफी कुणाची हे दोन्ही कळत होतं. अर्थात यात्रेतून नवं राजकारणही उभं राहतंच, तो भाग वेगळा.

गांधींनी १९१९ मध्ये हिमालयाएवढी चूक झाली म्हणून सांगितलं तेव्हा नेमकं काय चुकलं तेपण सांगितलं, लोक तयार नसताना कायदेभंगाला बोलावलं हे. चौरीचौऱ्यानंतर १९२२ ला पाच दिवस उपास. आत्मक्लेश हा शब्द वापरणाऱ्या प्रत्येकाला वाटतं आपण त्या रांगेत बसलो. एवढी स्वस्त आहे का ती रांग?

जुनी_वही
धागा चांगला चाललाय. थोडं लांब लिहितो, वयाचा दोष.

'रीत आहे का' या मूळ प्रश्नाला उत्तर, आहे. निदान ग्रंथात. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पाप कशाने सुटतं त्याची यादी आहे, 'ख्यापनेनानुतापेन तपसाध्ययनेन च', आणि ते न जमणाऱ्याला दान. यादीत पहिलं काय? ख्यापन. म्हणजे तोंडाने सांगणं. अनुताप दुसरा, उपासतापास त्यानंतर. ब्रह्महत्येचं प्रायश्चित्त सांगताना याज्ञवल्क्याने तर बारा वर्षं कवटी घेऊन, ध्वज घेऊन भिक्षा मागत हिंडायला लावलंय आणि जोडीला दोन शब्द आहेत, 'कर्म वेदयन्', आपलं कृत्य सांगत सांगत. घरोघर, दारोदार. पां. वा. काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात हे सगळं मांडलंय, चांद्रायण व्रतात घास चंद्राच्या कलेप्रमाणे कसे पंधरापासून शून्यापर्यंत उतरवायचे आणि परत चढवायचे तेही.

आता कुणी माझ्यावर धावून यायच्या आत, याच शास्त्रात वर्ण बघून शिक्षा कमीजास्त होते, आणि आळंदीत विठ्ठलपंत-रुक्मिणीबाईंना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं गेलं अशी परंपरा आहे. संन्यास सोडून संसार केला एवढ्यावर. मुलांना तरीही शुद्धीसाठी पैठणला जावं लागलंच. तेव्हा मी शास्त्राची वकिली करत नाहीये, त्यातला ख्यापन हा एक शब्द तेवढा उचलतोय.

आणि ख्यापन वगळून नुसतं प्रायश्चित्त उरलं की काय तमाशा होतो त्याचं पुण्यातलं उदाहरण म्हणजे पंचहौद चहा प्रकरण. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने पुण्यातली मोठमोठी मंडळी जमली, रानडे, टिळक, गोखले. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं दिली. कुणी प्यायले, कुणी कप हातात धरून तसाच ठेवला. मग गोपाळराव जोशांनी, आनंदीबाईंचे यजमान, ही नावं वर्तमानपत्रात छापून आणली. झालं. ग्रामण्य, म्हणजे जातीतून वाळीत टाकायचा खटला! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत, चौकशी, बहिष्कार. टिळकांनी सांगितलं की काशीला प्रायश्चित्त उरकलंय. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारकांनीच त्यांच्यावर जास्त टीका केली. रमाबाईंच्या आठवणींत हा प्रसंग आहे, मुळातून वाचा. ज्या माणसाला चहा पिण्यात तिळमात्र पाप वाटत नव्हतं त्याने मित्रांच्या घरची कार्यं अडू नयेत म्हणून पंचगव्य घेतलं. हा दुबळेपणा की मोठेपणा यावर सव्वाशे वर्षं भांडण चालू आहे, मी दोन्ही बाजूंनी भांडलोय. आता मला वाटतं मोठेपणा, पण त्याला पश्चात्ताप म्हणू नये. तो दंड भरणं झालं.

कृष्णाकाठ, तुमचं बरोबर उलट आहे. पश्चात्ताप सहा वर्षं तुंबलाय, ख्यापन राहिलंय.

टाळकुटा
जुनी_वही काका, दंडवत. पण ग्रंथात शिरायची गरज नव्हती, तुकोबांनी चार ओळीत सांगितलंय.

अनुतापें दोष । जाय न लगतां निमिष ॥
परि तो राहे विसावला । आदीं अवसानीं भला ॥
हेंचि प्रायश्चित । अनुतापीं न्हाय चित्त ॥

चित्त अनुतापात न्हालं पाहिजे, हेच प्रायश्चित्त. कुणाला सांगत बसायची जाहिरात कशाला? कृष्णाकाठ, तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत, झालं की.

कडू_कारलं
हे लई सोयीचं आहे टाळकुटा राव. मी मनातल्या मनात न्हालो, तुम्ही तिकडे चोर म्हणून फिरा.

टाळकुटा
तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोटच दिसते. आयडीच बघा की.

जुनी_वही
भांडू नका, अभंग तुमच्या दोघांपेक्षा कडक आहे. 'परि तो राहे विसावला, आदीं अवसानीं भला'. निमिषात दोष जातो खरा, पण तो अनुताप टिकायला हवा, सुरुवातीला आणि शेवटालाही. दोन दिवस जेवण गोड न लागणं हे त्यात बसत नाही.

सुकेळी
वसईकर, कॅथलिक. आमच्याकडे तर सांगायची रीतसर सोय आहे, पापनिवेदन. गोव्याच्या नातेवाइकांच्या कोकणीत कुमसार. लहानपणी रांगेत उभं राहून आम्ही पोरं पापं ठरवायचो, कारण काही सुचायचं नाही. "आईचं ऐकलं नाही, खोटं बोललो, भावाला मारलं", हीच यादी दर वेळी. तीन नमो मरिया आणि सुटका.

एकदा मात्र शेजारच्या वाडीतले पेरू चोरल्याचं खरं पाप सांगितलं. फादर जाळीपलीकडून म्हणाले, पेरू कुणाचे? मी नाव सांगितलं. म्हणाले, मग मला काय सांगतोस, त्यांना सांग आणि ये. मी अकरा वर्षांचा, माझे पाय लटपटत होते. गेलो. त्या मावशींनी ऐकून घेतलं आणि मला अजून चार पेरू दिले, ते चोरीच्यापेक्षा वाईट लागले.

सांगायचा मुद्दा, रीत असली की माणूस रीतीतच लपतो. फादर चांगले निघाले म्हणून.

शिरखुर्मा
तोबाचंही तसंच आहे. करत असलेलं थांबव, पस्तावा कर, पुन्हा करणार नाही असं ठरव. आणि दुसऱ्या माणसाचा हक्क मारला असेल तर तो त्याला परत दे किंवा त्याच्याकडून माफ करून घे, त्याशिवाय नुसती तोबा पुरत नाही. मराठीत मात्र 'तोबा तोबा' म्हणजे गर्दी बघून कान पकडणे एवढंच उरलं.

अडगळ
एक शब्द ठेवून जातो, कुठेतरी नोंद राहावी म्हणून. आमच्या रेवदंड्याला पूर्वी बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडच्या यहुद्यांची, घरं बरीच होती, शनवार तेली म्हणायचे त्यांना कारण तेलाचा घाणा शनिवारी बंद. यहुदी लोकांचा प्रायश्चित्ताचा दिवस, योम किपूर, त्याला त्यांच्यात मराठी नाव होतं, दारफळणीचा सण. दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे, दिवसभर कडक उपास, बाहेरच्या कुणाशी संबंध नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण, तेव्हा भेटीगाठी. त्यांच्या जुन्या मिश्ना ग्रंथातही लिहिलंय की माणसाने देवाविरुद्ध केलेलं पाप त्या दिवशी फिटतं, पण माणसाविरुद्ध केलेलं त्या माणसाची समजूत घातल्याशिवाय फिटत नाही. बहुतेक घरं इस्राएलला गेली. आमची आजी तो शब्द वापरायची, कुणी रुसून खोलीत बसलं की "दारफळणी आहे का आज?"

नांदेडी
आमच्या गावात शिखांचं तख्त आहे, हजूर साहिब, त्यामुळे तनखाह हा शब्द कानावर असतो. पगार नव्हे, धार्मिक शिक्षा. डिसेंबर २०२४ मध्ये अमृतसरला अकाल तख्ताने सुखबीर बादल यांना दिलेली टीव्हीवर पाहिली असेल. पंजाबचे माजी उपमुख्यमंत्री, पाय फ्रॅक्चर म्हणून व्हीलचेअरवर, गळ्यात पाटी, हातात भाला घेऊन सुवर्णमंदिराच्या दारात सेवेकरी म्हणून बसायचं, उष्टी भांडी घासायची. कारण डेरा सच्चा सौदाच्या प्रमुखाला दिलेली माफी आणि २०१५ च्या गुरू ग्रंथ साहिबच्या बेअदबीच्या (विटंबनेच्या) वेळचा कारभार. सेवेच्या दुसऱ्याच दिवशी, ४ डिसेंबरला, त्या दारातच त्यांच्यावर गोळी झाडली गेली, वाचले.

पण मला भांडी घासण्यापेक्षा आदला प्रसंग महत्त्वाचा वाटतो. शिक्षा सुनावण्याआधी जथेदारांनी, म्हणजे तख्ताच्या प्रमुखांनी, सगळ्या संगतीसमोर एकेक आरोप विचारला, हो की नाही एवढंच सांगा. आणि त्यांना हो म्हणावं लागलं. जुनी_वहींचं ते ख्यापन हेच ना? राजकारण होतं का त्यात, होतंच, पक्ष वाचवायची धडपड होती. तरी भरल्या सभेत 'हो' म्हणायला लावणारं कुणीतरी आहे हे मला आपल्याकडे दिसत नाही.

कडू_कारलं
आपल्याकडे जातपंचायती होत्या की लावणाऱ्या! पाया पड, दंड भर, गावजेवण घाल, नाहीतर वाळीत. आणि बहुतेक वेळा दोषी कोण, तर जातीबाहेर लग्न केलेली पोरगी. म्हणून तर २०१६ ला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. लावणाऱ्यांची हौस नको, नांदेडी.

वर्षावास
बराच वेळ वाचत होतो. साने गुरुजींचं नाव अजून कसं आलं नाही याचं आश्चर्य वाटतंय, म्हणून मीच काढतो. मे १९४७, पंढरपूर, तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण, विठ्ठल मंदिर सगळ्यांना उघडा म्हणून. सवर्ण समाजाच्या वतीने केलेलं ते प्रायश्चित्तच होतं असं पुष्कळ जण लिहितात. गुरुजींच्या मनाबद्दल मला शंका नाही. मंदिर उघडलं, चांगलं झालं.

पण फुलपात्र ताईंनी जो प्रश्न सुनेबद्दल विचारला तोच मी विचारतो. माफी कुणी कुणाची मागितली? २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेब आणि हजारो लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले, त्यानंतर माणसांना मारहाण झाली आणि मग तळं 'शुद्ध' करायला त्यात घागरींनी पंचगव्य ओतलं. शुद्धी कुणाची? पाण्याची! दहा वर्षांनी, मार्च १९३७ मध्ये, हायकोर्टात निकाल आपल्या बाजूने लागला तेव्हा हक्क मिळाला, क्षमायाचना नाही. त्याच्या आधीच १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्म सोडायचं जाहीर केलं होतं. मंदिराचं दार बारा वर्षं उशिरा उघडलं असं माझे आजोबा म्हणायचे, आणि उघडलं तेव्हा आम्ही दाराकडे बघत नव्हतो.

आमच्याकडची एक रीत सांगतो. वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, संपताना बौद्ध भिक्खू पवारणा करतात. एकेक भिक्खू, थेरापासून (ज्येष्ठापासून) सुरू करून, संघापुढे म्हणतो की माझ्यातला काही दोष तुम्ही पाहिला, ऐकला किंवा तुम्हाला शंका आली, तर करुणेने मला सांगा. इथेही 'तर' आहे बघा. पण हा 'तर' समोरच्याला तोंड उघडायला सांगणारा आहे. बोलणारा बोलून झाल्यावर उठून जात नाही, ऐकायला थांबतो.

होय_म्हाराजा
वर्षावास, ह्या बेस सांगितलास. माझा दोन 'तर'चा हिशोब चुकला, तिसरापण आहे.

फुलपात्र
"दाराकडे बघत नव्हतो" वाचून पुढचं काही सुचेना. धन्यवाद.

टाळकुटा
कडू_कारलं, मगाचं आयडीवरून बोललो ते नको होतं. भावना दुखावल्या असतील तर

टाळकुटा
अर्धाच गेला प्रतिसाद, फोनवरून टाइप करतोय. पण तसाच राहू दे. 'असतील तर' लिहून झाल्यावर माझं मलाच हसू आलं. आयडीवरून टोमणा मारला, मुद्द्याला उत्तर नव्हतं म्हणून. सॉरी.

कडू_कारलं
दुखावल्या नव्हत्या, कारलंच आहे ते. पण 'सोयीचं आहे' मीपण खवचटपणे म्हटलं होतं. फिट्टंफाट.

चहाटळ
हा धागा बिघडला. कुणी भांडेना.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार, एकेकाला उत्तर देत नाही. काल रात्री फोन केला त्याला. तीनदा कट केला आधी लागायच्या आतच, मग लावला. कुठल्यातरी साखर कारखान्यात आहे आता, लग्न झालंय, मुलगी आहे. मी सरळ सांगितलं, पैसे पंधरा दिवसांत सापडले होते, पंचांगात होते, तुला कळवलं नाही, खिसे दाखवायला लावले ते चुकलं. 'तर' घातला नाही, मोजून बोललो.

तो बराच वेळ गप्प. मागे गाणी चालू होती कुठेतरी. मग म्हणाला, "बरं." मला वाटलं एवढंच. मग म्हणाला, "तेव्हा दुकानात शेजारचे दोघं पण होते ना, दादा."

रागाने नाही म्हणाला. आठवण करून दिल्यासारखं.

जुनी_वही
मग?

कृष्णाकाठ
दोघांतले एक कोविडमध्ये गेले. दुसरे आहेत, स्टेशनरीवाले, अजून दुकानात बसतात. आज जाणार होतो पण त्यांचं दुकान बंद होतं. उद्या बाजाराची सुट्टी. परवा सकाळी गल्ला उघडायच्या आधी जातो.